अकरा वर्षांची सात सीटर डिझेल घेताना काय तपासलं, काय निघालं आणि हिशोब कसा बसला

आधी प्रकरण काय ते सांगतो. 2013 ची सात सीटर, 1248 सीसी टर्बो डिझेल, मीटरवर 1,18,000 किमी, दुसरा मालक, एमएच-08 पासिंग म्हणजे रत्नागिरी, पण गाडी उभी पुण्यात वारज्याला. मागणी 4,75,000. घेणारा माझा मावसभाऊ, राहतो साताऱ्यात, घरात तो, वहिनी, दोन पोरं आणि मावशी-काका, त्यामुळे पाच सीटची गाडी पुरतच नाही. दर आठवड्याला एक पुणे फेरी ठरलेली, शिवाय गावाला जाणं-येणं. 2024 ची दिवाळी झाल्यावर त्याचा फोन आला, "दादा, गाडी एकदम चकाचक आहे, टोकन देऊ का?" म्हणलं टोकन नको देऊस, आधी गाडी बघू, आणि बघायला सकाळी लवकर जाऊ.

गाडीच्या कंपनीचं नाव इथे लिहीत नाही कारण जे निघालं ते वयाचं आणि सर्व्हिस चुकवल्याचं होतं, कंपनीचा त्यात काही दोष नव्हता. शिवाय हे 1.3 चं डिझेल इंजिन मूळ फियाटचं, आपल्याकडे मारुती, टाटा, फियाट अशा बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत बसलं, फियाटच्या रांजणगावच्या प्लँटमध्येही बनायचं. एप्रिल 2020 ला बीएस6 हा धुराचा कडक नियम आला तेव्हा बंद झालं. पण रस्त्यावर इतक्या गाड्या आहेत की पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतो आणि मिस्त्रीला हे इंजिन तोंडपाठ असतं. जुनी गाडी घेताना ही गोष्ट फार मोठी आहे. स्वस्तात मिळणाऱ्या एखाद्या परदेशी फॅमिली गाडीचा साधा सेन्सर महिनाभर मिळत नाही आणि घरातली एकुलती एक गाडी तेवढा काळ गॅरेजात पडून राहते, असं व्हायला नको.

सकाळी लवकर जायचं कारण थंड इंजिन. आदल्या दिवशीच गाडी विकणाऱ्या काकांना फोनवर विनंती केली की काका, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर पहिलं काम बॉनेटवर हात ठेवणं, मग उघडून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावणं, कारण काही जण आधीच गाडी गरम करून ठेवतात आणि मग जे ऐकायला आलोय ते ऐकूच येत नाही. इथे इंजिन थंडगार होतं, काका सरळ माणूस.

सुरू करायच्या आधी फक्त चावी ऑन केली. चेक इंजिन, ऑइल, बॅटरी, एअरबॅग, एबीएस असे सगळे दिवे लागले पाहिजेत आणि काही सेकंदात किंवा इंजिन सुरू झाल्यावर आपापले विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही तर तो बिघाडापेक्षा वाईट, कारण बऱ्याचदा कोणीतरी दिवाच काढून टाकलेला असतो. इथे सगळे लागले, सगळे विझले.

मग सेल्फ मारला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली पण पुढच्या बाजूने खरखर असा साखळीचा आवाज आला, साधारण चार सेकंद राहिला आणि बंद झाला. भावाला तो आवाज जाणवलासुद्धा नाही, डिझेल आहे, आवाज करणारच असं त्याला वाटलं. सोबत नेलेल्या आमच्या मिस्त्रींनी मात्र माझ्याकडे बघितलं.

हा आवाज नीट समजून घ्या. या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखायला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि चेन आयुष्यभर बदलावी लागत नाही असं सगळीकडे बोललं जातं. चेन ताणून धरणारा टेन्शनर हायड्रॉलिक आहे, म्हणजे तो इंजिन ऑइलच्या प्रेशरवर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली उतरतं, सकाळी सुरू केल्यावर प्रेशर तयार होईपर्यंत चेन जरा सैल असते, त्यामुळे क्षणभर आवाज आला तर चालतंय. पण तीन-चार सेकंद खरखर राहते तेव्हा एक तर चेन लांबलीये, किंवा टेन्शनर दमलाय, किंवा ऑइल वेळेत वर पोचत नाहीये, आणि बहुतेक वेळा हे तिन्ही थोडं थोडं असतं. त्यात या इंजिनात ऑइल बसतं तीन लिटरच्या आसपास, ते एकदा काळं आणि जाड झालं की त्याचा त्रास आधी चेनला होतो आणि मग टर्बोला. चेन एक-दोन दात सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेडचं काम निघतं, म्हणजे दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीच्या एका मोठ्या हिश्श्याएवढं होऊ शकतं. दुकानात हेच इंजिन गरम करून दाखवलं तर आवाज येत नाही. म्हणून थंड सुरू करून बघणं मी कुठल्याही चेकलिस्टच्या वर ठेवतो.

आता प्रश्न होता ऑइल कधी आणि किती वेळा बदललं. काकांनी फाइल काढली, आणि फाइल ठेवणारा माणूस भेटला की मला बरं वाटतं. 62,000 पर्यंत अधिकृत वर्कशॉपची बिलं, दर 10,000 ला व्यवस्थित. मग एकदम 88,000 चं बिल, बाहेरच्या गॅरेजचं. मधल्या 26,000 किमीचा एकही कागद नाही. विचारलं तर काका म्हणाले की तेव्हा गाडी मुलाकडे असायची, त्याने केलं असेल. केलं असेलही, पण कागद नाही आणि चेन वाजतीये, या दोन गोष्टी एकमेकींकडेच बोट दाखवत होत्या. डिपस्टिक काढली तर ऑइल ताजं, अगदी सोनेरी. डिझेलमध्ये ऑइल बदलल्यावर थोड्याच किलोमीटरमध्ये काळं पडतं, म्हणजे हे दोन-चार दिवसांपूर्वीच बदललेलं होतं. विकण्याआधी ऑइल बदलणं यात काही गैर नाही, पण ताजं ऑइल बघून मागच्या दहा वर्षांचा अंदाज बांधू नका.

इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडून बघितलं. टर्बो डिझेलमध्ये थोडी वाफ येतेच, झाकण उलटं ठेवलं तर जरा थरथरतं, ते ठीक, पण धुराचे फुगे फक फक बाहेर येत असतील तर रिंगा झिजल्यात. इथे मामुली होतं. सायलेन्सरमधून निळा धूर नाही, पांढरा सुरुवातीला किंचित आणि लगेच गायब, रेस दिल्यावर काळा मात्र जरा जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा टिकून राहिला तर इंजेक्टर, ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत गरमी देणारा) किंवा कूलंट आत जातंय का ते बघा. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, एअर फिल्टर आणि ईजीआर (जळलेला धूर परत इंजिनात फिरवणारी व्यवस्था) यांच्यापासून सुरुवात करा. कूलंटची टाकी बघितली तर कूलंट रंगीत आणि स्वच्छ, तेलाची साय नाही, साधं पाणी भरलेलं नाही. ही एक मोठी काळजी गेली.

मिस्त्रींकडे ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर आहे, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा, तो लावला. एकही कोड नाही. भाऊ खूश झाला, पण कोड नाही यावर लगेच विश्वास ठेवायचा नसतो. बऱ्याच गाड्यांत स्कॅनर आणखी एक आकडा दाखवतो, कोड पुसल्यापासून गाडी किती चालली. इथे तो होता 46 किमी. म्हणजे आठवड्याभरात कोणीतरी मेमरी साफ केली होती. काकांना हे माहीतही नव्हतं, गॅरेजवाल्याने सर्व्हिस करून दिली एवढंच त्यांना ठाऊक, आणि मला ते पटलं. पण आता तो कोड परत यायला लावणं भाग होतं, म्हणून टेस्ट ड्राइव्हला सोसायटीच्या चकरा न मारता सरळ जुना कात्रज घाट गाठला.

चढावर चार माणसं बसवून गाडी चालवली की बरंच कळतं. आधी एक सांगतो, हे इंजिन 1,800-2,000 आरपीएमच्या खाली मेलेलं वाटतं आणि मग एकदम ओढतं. तो टर्बो लॅग आहे, म्हणजे टर्बो जोर धरेपर्यंतचा उशीर, मुळातच तसा आहे, त्याला पिकअप गेला समजून गाडी नाकारू नका. बिघाड ओळखायचा तर चौथ्या गिअरमध्ये 40 च्या वेगाला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा आणि काटा बघा. आरपीएम वर पळतंय आणि वेग मागे राहतोय म्हणजे क्लच घसरतोय. इथे तसंच झालं, थोडंसं, पण झालं, आणि पॅडल अगदी वर आल्यावर क्लच पकडत होता. म्हणजे क्लच सेट शेवटच्या टप्प्यात. टर्बोची शिट्टी बारीक आणि एकसारखी होती, ती चालते, सायरनसारखी चढत जाणारी असती तर थांबलो असतो. गिअर सगळे नीट पडले, उतारावर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना करकर आली नाही म्हणजे सिंक्रो (गिअर जुळवणाऱ्या रिंगा) ठीक.

घाटाच्या वर थांबून एसी चालू ठेवून इंजिन दहा-पंधरा मिनिटं तसंच चालू ठेवलं. तापमानाचा काटा जागेवर, रेडिएटरचा पंखा चालू-बंद होतोय, सगळं बरोबर. पण एसी. पुढे बरा, मधल्या रांगेत कोमट, आणि थोड्या वेळाने पुढेही कमी झाला. गॅस भरून घ्या, दोन हजारात होतं, असं कोणीही सांगेल, पण गॅस संपत नसतो, गळतो. गळती पाइपच्या जोडाला किंवा कंडेन्सरला असेल तर सोपं, आत कूलिंग कॉइलला असेल तर डॅशबोर्ड खोलावा लागतो, त्यात पार्टपेक्षा मजुरी टोचते आणि नंतर डॅशबोर्ड वाजायला लागतो तो वेगळाच त्रास. मावशीला उन्हात बसवून साताऱ्याहून आणायचं तर एसी ही चैन राहत नाही, म्हणून तो खर्चात धरायचाच होता.

परत आल्यावर स्कॅनर लावला आणि पेंडिंगमध्ये, म्हणजे अजून पक्का न झालेल्या कोडमध्ये, पी0401 आला, म्हणजे ईजीआरमधून जेवढा धूर फिरायला हवा तेवढा फिरत नाही. काळ्या धुराचा एक धागा मिळाला. ईजीआर व्हॉल्व्ह आणि इनटेकमध्ये काजळी साचते, शहरात छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या डिझेलला हे हमखास होतं. खोलून साफ केलं तर बहुतेक वेळा भागतं. इथे एक गोष्ट भावाला स्पष्ट सांगितली, महिन्याला तीन-चारशे किमीच चालणार असशील तर जुनी डिझेल घेऊच नकोस, पेट्रोल बघ. त्याची महिन्याची हजारभर किमी हायवेवरच होणार होती, म्हणून डिझेलला मी हो म्हणलं.

आता पुराचा प्रश्न. एमएच-08 म्हणल्यावर डोक्यात पहिलं येतं चिपळूण आणि 22 जुलै 2021. तसंच सांगली-कोल्हापूरच्या गाड्यांबाबत ऑगस्ट 2019. पुरात बुडालेली गाडी धुऊन, कोरडी करून, पॉलिश मारून विकली तर वरून काही म्हणजे काही कळत नाही, आणि मग वर्ष-दोन वर्षांनी वायरिंगमध्ये एकेक जोड हिरवा पडत जातो, आज पॉवर विंडो, उद्या एबीएस, परवा इंजिन मध्येच बंद. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, यावर माझं मत अजिबात हलत नाही. काकांचं म्हणणं गाडी 2019 पासून पुण्यातच आहे. फाइलीत जुलै 2021 च्या तिसऱ्या आठवड्यातलं पुण्याच्या टायरवाल्याचं बिल सापडलं, त्यावर गाडीचा नंबर, त्यामुळे बराच धीर आला. तरी तपासलंच. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचे, खालच्या भागात चिखलाची रेघ लपून राहते. सीटच्या रेल आणि त्यांचे नटबोल्ट, दाराच्या रबराखालची जागा, स्टेपनीचा खड्डा, डॅशबोर्डखालचा फ्यूज बॉक्स, कार्पेटचा कोपरा उचलून खालचा फोम. गाळ नाही, कुबट वास नाही, कनेक्टर स्वच्छ. पुराची गाडी नव्हती.

पण कोकणात सहा वर्षं राहिली होती आणि ते खालून दिसलं. रॅम्पवर घेतली तेव्हा पुढच्या सबफ्रेमवर आणि सायलेन्सरच्या जोडांवर गंज, दारांच्या खालच्या कडेला फुगलेला पेंट. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकून बघितलं, पत्रा आत गेलेला नव्हता, ब्रेकचे पाइप वरवर गंजलेले पण चांगले. वरचा गंज घासून कोटिंग मारता येतं. पत्रा सडून भोक पडलं असेल किंवा ब्रेक पाइप पोखरला असेल तर तो वेगळाच विषय.

रॅम्पवरच सस्पेन्शन बघितलं. लोअर आर्मचे बुश फाटलेले, लिंक रॉड ढिले, स्पीडब्रेकरवर जो टकटक आवाज येत होता तो त्याचाच. एक्सलचे रबर बूट शाबूत होते, पूर्ण स्टिअरिंग वळवून गोल फिरवल्यावर कटकट आवाज नाही म्हणजे एक्सलही चांगले. पुढचे दोन टायर आतल्या बाजूने खाल्लेले, त्यावरचा चार आकडी कोड 2119, म्हणजे 2019 चा एकविसावा आठवडा. पाच वर्षं झालेले टायर, बदलायचेच.

मीटर मागे केलंय का याचा अंदाज बिलांवरून लागतो. आकडे क्रमाने वाढत गेलेले होते, पॅडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीज सव्वा लाखाला साजेशी होती. अपघाताचं म्हणाल तर डावा फेंडर रंगवलेला होता, बोल्टवर पान्याच्या खुणा होत्या, पण आतला पत्रा सरळ होता आणि बॉनेटच्या दोन्ही बाजूच्या फटी सारख्या होत्या.

दुपारी चहा घेत कागदावर हिशोब मांडला, मिस्त्रींच्या बाहेरच्या गॅरेजच्या दराने:

चेन किट, टेन्शनर, सम्प (इंजिनाखालची ऑइलची टाकी) खोलून सफाई, मजुरीसकट 24,000. क्लच सेट 12,500. लोअर आर्म, लिंक रॉड वगैरे 9,500. एसीचं काम कॉइल धरून 11,000. दोन टायर 9,000. खालून गंज घासून कोटिंग 6,000. एकूण 72,000. ईजीआर सफाई चेनच्या कामातच करून देतो म्हणाले.

सहा कामं दिसली तरी सगळी सारखी नाहीत, आणि इथे बरेच जण गोंधळतात. टायर, बुश, क्लच, एसी ही झिजणारीच वस्तू आहे, पैसे घातले की विषय संपला, आणि त्यातलं काही सहा महिने थांबू शकतं. चेन थांबू शकत नाही. माझं म्हणणं होतं की ही गाडी घ्यायची तर चेन झाल्याशिवाय ती साताऱ्याला सुद्धा न्यायची नाही. आणि काका चेनच्या आवाजाचा पैसा कमी करायला तयार नसतील तर गाडी सोडायची, कितीही चकाचक असली तरी.

काकांसमोर कागद ठेवला, आवाजाचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ ऐकवला, आणि बिलांमधली 26,000 किमीची जागा दाखवली. घासाघीस अशी झालीच नाही. ते म्हणाले, "मला हे कोणी सांगितलंच नाही, सांगितलं असतं तर मी करून घेतलं असतं." 4,10,000 ला ठरलं. दुरुस्ती धरून गाडी पडली 4,82,000 ला, म्हणजे मूळ मागणीपेक्षा सात हजार जास्त, पण काय बिघडलंय आणि काय नाही हे माहीत असलेली गाडी मिळाली. मला हा सौदा चांगला वाटला आणि अजूनही वाटतो.

कागदांचं थोडक्यात. परिवहनच्या साइटवर आरसी, इन्शुरन्स आणि बाकी चलन बघितले, दोन चलन काकांनी तिथेच भरले. बँकेचं कर्ज कधीच फिटलेलं पण आरसीवर एचपी म्हणजे कर्जाची नोंद तशीच होती, ती उतरवल्याशिवाय नाव बदलत नाही, त्यामुळे बँकेची एनओसी आणि ती नोंद उतरवायचा फॉर्म 35 येईपर्यंत पूर्ण पैसे दिले नाहीत. नाव बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, इन्शुरन्स 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाकला. एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नव्हती, एप्रिल 2019 आधीच्या गाडीला ती बसवावी लागते, तीही बुक केली.

चेनचं काम उघडलं तेव्हा टेन्शनर जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला होता, गाइडवर चेनने खोल चरे पाडले होते आणि सम्पच्या तळाला डांबरासारखा काळा थर, ऑइलची जाळी अर्धी बुजलेली. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, अजून एखादा पावसाळा निघाला असता, त्यापुढं अवघड होतं." टर्बोचा शाफ्ट हलवून बघितला, खेळ नव्हता. जाळी आणि सम्प साफ करून ऑइल भरलं, पहिलं ऑइल तीन हजारावर परत बदललं कारण आत राहिलेला मळ सुटून त्यात येतो.

त्यानंतरच्या वर्षात मागच्या एका चाकाचं बेअरिंग गेलं, वेगाबरोबर वाढणारी घुंई ऐकून भावाने स्वतः ओळखलं. एसीची गळती कॉइलला नव्हती, कंडेन्सरला निघाली, त्यामुळे तिथे चार हजार वाचले आणि डॅशबोर्डही खोलावा लागला नाही. पी0401 परत आलेला नाही. ऑइल आता 10,000 ची वाट न बघता 7,500 ला बदलतो आणि बिलावर किलोमीटर लिहून घेतो, म्हणजे पुढे विकायची वेळ आली तर समोरच्याला दाखवायला सलग कागद असतील. आरसी 2028 ला संपते, तेव्हा पासिंग परत करायला फी आणि पर्यावरण कर भरावा लागेल, गाडी ठेवायची का बदलायची ते खालचा गंज किती वाढलाय ते बघून ठरवू असं त्याचं आणि माझं बोलणं झालंय.